सात गुंठ्यांतलं टेनिस कोर्ट: आखणी, पाणी आणि रोजची राखण

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या शाळांकडून आणि तरुण मंडळांकडून एक प्रश्न मला वरचेवर येतो: "सहा-सात गुंठे मोकळे आहेत, टेनिस कोर्ट बसेल का?" बसतं. पण हा प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा फक्त रंगवलेला चौकोन असतो. रंग हे शेवटचं काम. आपल्या भागात कोर्ट टिकतं की बिघडतं ते पाण्यावर ठरतं, आणि पाण्याचा विचार जागा बघायला जातो त्या दिवसापासून करावा लागतो. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहितोय.

जागा किती आणि कुठली

टेनिसची मापं मुळात फुटांची आहेत. आपले मेस्त्रीही फुटातच बोलतात, तेव्हा फूटच लक्षात ठेवा. कोर्टाची लांबी ७८ फूट (२३.७७ मीटर). डबल्सची रुंदी ३६ फूट (१०.९७ मीटर), सिंगल्सची २७ फूट (८.२३ मीटर). पण खेळाडू रेषेच्या आत उभा राहून खेळत नाही. बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या दोन टोकांच्या रेषेच्या मागे आणि बाजूला त्याला पळायला जागा लागते. स्पर्धेसाठी मागे २१ फूट आणि बाजूला १२ फूट मोकळे ठेवतात. म्हणजे एकूण १२० बाय ६०, ७२०० चौरस फूट. गुंठा ३३ बाय ३३, म्हणजे १०८९ चौरस फुटांचा. भागाकार केला की साडेसहाच्या थोडं वर येतं. सात गुंठे धरा. शाळेसाठी किंवा गावच्या क्लबसाठी मागे १८ आणि बाजूला १० फूट सोडले तरी चालतं, मग सहा गुंठ्यांत भागतं. त्याहून कमी करू नका. मागे दहा फुटांवर भिंत असलेली कोर्टं मी पाहिली आहेत. तिथे शिकलेली मुलं चेंडूच्या मागे जायलाच घाबरतात आणि ती सवय पुढे जाता जात नाही.

गटारासाठी आणि बसायला एखाद्या शेडसाठी आणखी गुंठाभर जागा हाताशी असली तर उत्तम.

कोर्टाची लांबी उत्तर-दक्षिण हवी. पूर्व-पश्चिम आखलं तर सकाळी एका बाजूच्या आणि संध्याकाळी दुसऱ्या बाजूच्या खेळाडूच्या डोळ्यांत ऊन येतं, आणि खेळायच्या वेळा तर त्याच. मोबाइलमधलं होकायंत्र पुरेसं आहे. जागा आडवी आहे म्हणून कोर्ट आडवं, असं करू नका. त्यापेक्षा दुसरी जागा शोधा.

आता माती. खानापूरकडे आणि बेळगावच्या पश्चिमेला तांबडी माती, जांभा. पाणी मुरतं, पाया घट्ट बसतो. निपाणी-चिकोडीकडे किंवा बेळगावच्या पूर्वेला गेलात की काळी माती लागते. ती पावसात फुगते आणि एप्रिलमध्ये हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर थेट काँक्रीट टाकलं की दोन उन्हाळ्यांत कोर्टावर नदीचा नकाशा उमटतो. काळी माती असेल तर ती खणून काढायची आणि मुरूम भरायचा, दुसरा उपाय नाही. मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवायचा नाही. सहा-सहा इंचांचे थर द्यायचे, प्रत्येक थरावर पाणी मारायचं, प्रत्येक थर दाबायचा.

भाताचं खाचर मात्र फुकट मिळालं तरी घेऊ नका. खाचर म्हणजे पाणी साठावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तयार केलेली जागा. तुमच्या कोर्टासाठी ती आपला स्वभाव बदलणार नाही.

कागदांचं थोडक्यात. शेतजमीन असेल तर कर्नाटक भूमहसूल कायदा १९६४ च्या कलम ९५ खाली बिगरशेती परवानगी घ्यावी लागते. शाळेच्या किंवा पंचायतीच्या जागेवर करायचं असेल तर ठराव लेखी घ्या. अर्ज कन्नडमध्ये करावा लागतो. ज्याला कार्यालयीन कन्नड नीट येतं त्याच्याकडून पहिल्या दिवशीच लिहून घ्या, म्हणजे चुका काढून परत पाठवण्यात महिने जात नाहीत.

उतार

कोर्ट सपाट दिसावं पण सपाट असू नये. हार्ड कोर्टाला (काँक्रीटसारख्या पक्क्या कोर्टाला) शंभर फुटांत एक फूट असा उतार देतात, आणि तो एकाच दिशेने. मधे उंच आणि दोन्हीकडे उतरतं असं छपरासारखं करायचं नाही. उतार एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे, रुंदीच्या दिशेने द्या. ६० फुटांत सात इंचांच्या आसपास फरक पडतो. तोच लांबीच्या दिशेने दिला तर एका बेसलाइनकडची कड दुसरीपेक्षा फूटभराहून जास्त खाली जाते, आणि जुलैतल्या पावसाला दुप्पट अंतर वाहावं लागतं.

उतार कुठे सोडायचा ते जमीन सांगते. एखाद्या धो-धो दिवशी छत्री घेऊन जागेवर जा आणि पाणी कुठून येतं, कुठे जातं ते उभं राहून बघा. टेकडीच्या पायथ्याला जागा असेल तर वरच्या अंगाला चर खणलाच पाहिजे, नाहीतर डोंगराचं पाणी स्लॅबखाली शिरतं. खालच्या कडेला दुसरा चर किंवा बांधीव गटार. हे दोन चर खणायला दोन दिवस लागतात. लोक इथेच पैसे वाचवतात आणि पुढची दहा वर्षं भरत राहतात.

आखणी

आखणीला दोन पोलादी टेप लागतात. कापडी टेप ताणला की लांबतो, तो घेऊ नका. त्याशिवाय खुंट्या, सुतळी, फक्की आणि दोन माणसं.

सुरुवात नेटच्या रेषेपासून करा. बेसलाइनपासून सुरू करणारा नवशिका हमखास तिरका जातो. नेटच्या रेषेवर बरोबर ३६ फुटांवर दोन खुंट्या ठोका, डावी आणि उजवी. आता एका टेपचं टोक डाव्या खुंटीला लावा आणि ३९ फूट धरा, म्हणजे कोर्टाची अर्धी लांबी. दुसऱ्या टेपचं टोक उजव्या खुंटीला लावा आणि ५३ फूट १ इंच धरा (मीटरमध्ये १६.१७). दोन्ही टेप ताणून जिथे हे दोन आकडे एकमेकांना भेटतात, तिथे डावीकडचा बेसलाइनचा कोपरा. तसाच उजवा कोपरा काढा. दोन कोपऱ्यांमधलं अंतर मोजा, ३६ फूट यायला हवं. आलं तर काटकोन पक्का. मेस्त्रीच्या हातातला गुण्या दोन फुटांचा असतो, त्याच्यावर ७८ फुटांची रेषा ओढू नका. गुण्यातली केसाएवढी चूक तिकडच्या टोकाला वीतभर होते.

मग नेटच्या दुसऱ्या बाजूलाही हेच. शेवटी पूर्ण कोर्टाचे दोन्ही कर्ण मोजा, २६.१८ मीटर यायला हवेत आणि मुख्य म्हणजे दोन्ही सारखे यायला हवेत.

आतल्या रेषा सोप्या आहेत. डबल्सच्या रेषेपासून साडेचार फूट आत सिंगल्सची रेषा. नेटपासून २१ फुटांवर सर्व्हिस लाइन, ती फक्त दोन सिंगल्स रेषांच्या मधे. ती डबल्सच्या रेषेपर्यंत ओढलेली कोर्टं आपल्याकडे सर्रास दिसतात, ते चूक आहे. सर्व्हिस लाइनपासून बेसलाइनपर्यंत १८ फूट उरले तर तुमचं माप बरोबर. मधली सर्व्हिस रेषा दोन्ही सर्व्हिस लाइनच्या मध्यातून. बेसलाइनच्या मध्यावर आतल्या बाजूला १० सेंटिमीटर लांब खूण.

आता एक गोष्ट, जी इथल्या दहातल्या आठ कोर्टांवर चुकलेली असते. सगळी मापं रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंतची असतात. अपवाद मधल्या सर्व्हिस रेषेचा, तिचं माप मध्यापर्यंत. रंगारी काय करतो, सुतळी मारतो आणि तिच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच सेंटिमीटर पट्टा रंगवतो. कोर्ट चारी बाजूंनी अडीच सेंटिमीटर वाढतं. म्हणून मास्किंग टेप लावताना स्वतः तिथे उभे राहा आणि पट्टा सुतळीच्या आतल्या बाजूला आहे हे डोळ्यांनी बघा. मधली सर्व्हिस रेषा आणि बेसलाइनची मधली खूण पाच सेंटिमीटर रुंद, बाकीच्या रेषा अडीच ते पाच, बेसलाइन दहापर्यंत चालते. रेषांसाठी कोर्टाचाच खरखरीत रंग वापरा. घरच्या दाराचा ऑइलपेंट पांढराशुभ्र दिसतो, पण दवाच्या सकाळी त्याच्यावरून पाय सटकतो.

खांब आणि नेट

खांब स्लॅबच्या आधी. खांबाचा पाया आणि पाइपची बाही काँक्रीट पडण्याआधीच पुरून ठेवा. डबल्सच्या रेषेपासून बाहेर तीन फूट, म्हणजे दोन खांबांच्या मध्यांत ४२ फूट. नेट मध्यावर खाली ओढून धरणारा पट्टा अडकवायला जमिनीत एक कडीही बसवा. खांब बाहेरून मागवायची गरज नाही. नेट ताणायची चावी सोडली तर बाकीचं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतलं कुठलंही बरं वर्कशॉप करून देतं, फक्त खांबाची जाडी १५ सेंटिमीटरच्या वर नको आणि वरचं टोक बोथट हवं.

एका शाळेत मी हौसेने देखरेख करत होतो. मेस्त्री अतिशय कसबी माणूस, वय साठीच्या पुढे. खांब उभे करताना त्यांनी पातळी बघायची पाण्याची नळी लावली आणि दोन्ही खांबांची डोकी एका रेषेत आणली. मला वाटलं, काय सुंदर काम. नेट बांधलं, मुलं खेळायला लागली आणि आठवडाभरात एक मुलगी म्हणाली, "सर, त्या बाजूने मारलेला बॉल नेटमध्येच जातोय." मोजलं तर एका खांबाशी नेट साडेतीन फूट आणि दुसऱ्या खांबाशी जवळजवळ चार. कोर्टाला उतार होता, मग खांबांची डोकी समपातळीत आणली की खालच्या बाजूला नेट उंच होणारच. ४२ फुटांत पाच इंच. नेटची उंची प्रत्येक खांबाशी तिथल्या जमिनीपासून मोजायची असते. कोर्ट कललं की नेटही तेवढंच कलतं, आणि तेच बरोबर. मेस्त्री म्हणाले, "सर, तुम्ही आधी सांगितला असता तर." त्यांचं खरं होतं. मीच सांगायला हवं होतं. पाया फोडून खांब पुन्हा बसवावा लागला.

खांबाशी नेट १.०७ मीटर, म्हणजे साडेतीन फूट. मध्यावर ०.९१४ मीटर, म्हणजे बरोबर तीन फूट. एक सरळ बांबू तीन फुटांवर कापून कोर्टावर कायम ठेवा. रोज सकाळी नेटच्या मध्याशी उभा धरायचा, कमी-जास्त असेल तर पट्टा ओढायचा. तार ऊन-थंडीने सैल-घट्ट होते, म्हणून हे रोजचं काम आहे.

पृष्ठभाग

मातीचं कोर्ट बांधायला स्वस्त, पायाला मऊ, आणि शिकणाऱ्यासाठी फार चांगलं. चेंडू संथ येतो आणि उंच उठतो. पण त्याला रोज पाणी, रोज ब्रश, वरचेवर रोलर आणि पुन्हा पुन्हा फक्की लागते. शिवाय जून ते सप्टेंबर ते बंद. रोज राबणारा माणूस खात्रीचा असेल तरच त्या वाटेला जा.

बहुतेकांना काँक्रीटवर अॅक्रिलिक रंगाचं कोर्ट परवडतं. त्यात तीन चुका होतात. पहिली, स्लॅबखाली प्लास्टिकचा जाड कागद न घालणे. आपल्याकडची जमीन पावसाळाभर ओली, तो ओलावा खालून वर येतो आणि रंगाला फोड येतात. दुसरी, कोबा घोटून आरशासारखा करणे. आपल्या मेस्त्रींना गुळगुळीत कोब्याचा अभिमान असतो, आणि घरासाठी तो योग्यच आहे. पण अॅक्रिलिकला पकडायला खरखर लागते. शेवटचा हात झाडूचा मारून घ्या. तिसरी, घाई. काँक्रीट २८ दिवस मुरलंच पाहिजे. रंग द्यायच्या आधी दीड फूट चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर, निदान १६ तास ठेवा. सकाळी खाली पाण्याचे थेंब दिसले तर रंगाऱ्याला परत पाठवा.

अजून एक परीक्षा. सगळं कोर्ट पाण्याने भिजवा, तासभर थांबा. जिथे पाणी राहिलं असेल तिथे रुपयाचं नाणं आडवं ठेवा. नाणं बुडालं तर तो खळगा आधी भरून घ्यायचा. हे रंगाच्या आधी करायचं, नंतर नाही.

वेळापत्रक असं जमवा. खोदाई आणि भराव दिवाळीनंतर, जमीन वाळली की. स्लॅब डिसेंबर-जानेवारीत. रंग फेब्रुवारी-मार्चमध्ये, सकाळचं दव पूर्ण उडाल्यावर. एप्रिलच्या मध्यानंतर वळवाचा भरवसा नाही. दुपारी चारला आभाळ भरून येतं आणि ओला रंग गटारात जातो.

जाळी, दिवे

जाळी दहा फूट उंच, दोन्ही बेसलाइनच्या मागे तरी नक्की. चेनलिंकचा डोळा दोन इंचांहून मोठा नको, चेंडूचा व्यास साडेसहा सेंटिमीटर आहे. वाऱ्यासाठी हिरवं कापड लावत असाल तर ते मे संपताना उतरवून घडी करून ठेवा. पावसाळी वाऱ्यात तेच कापड शिडासारखं भरतं आणि जाळीचे खांब वाकवतं.

दिव्यांचे खांब बाजूच्या रेषांकडे, जाळीच्या बाहेर. बेसलाइनच्या मागे दिवा लावला की वर बघून सर्व्हिस करणाऱ्याचे डोळे दिपतात. सरावाला २०० ते ३०० लक्स (उजेडाचं माप) पुरतं, स्पर्धेला ५००.

झाडं जवळ नकोत. मुळं स्लॅब उचलतात, आणि जांभळाखालच्या कोर्टाची जूनमध्ये काय दशा होते ते एकदा बघितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

रोजची राखण

कोर्टाला एक माणूस लागतो. समिती असू दे, अध्यक्ष असू दे, पण किल्ली एकाच माणसाकडे हवी आणि त्याला दरमहा वेळेवर पगार हवा. सकाळी झाडू, नेटला बांबू, कचरापेटी रिकामी, संध्याकाळी नेट थोडं सैल. त्याच्याजवळ एक वही: तारीख, कोण खेळलं, किती वेळ, किती पैसे, काय बिघडलं. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. भेग कधी दिसली हे लिहिलेलं असलं की ती वाढतेय का ते कळतं. केसाएवढी भेग वेळीच भरली तर काम हलकं असतं.

वेळा तासातासाच्या ठेवा. शाळेच्या मुलांची वेळ कुठल्याही मोठ्या माणसाच्या ओळखीने हलवू नका. मुलींसाठीही ठरलेली वेळ असावी, आणि ती संध्याकाळच्या उजेडातली असावी, म्हणजे घरचे पाठवतात. वर्गणीतला एक भाग दरमहा वेगळ्या खात्यात टाका. अॅक्रिलिकचा वरचा थर साधारण चार ते आठ वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, आणि तेव्हा देणगीदार शोधत फिरायची वेळ येऊ नये.

नियमांचा फलक मराठी आणि कन्नड, दोन्हींत लावा. सपाट, डाग न पाडणारे तळ असलेले बूट. खिळ्यांचे बूट, सायकल, पान-तंबाखू बंद. खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या. चहा-सरबत जाळीच्या बाहेर.

सगळ्यांत अवघड नियम मांडवाचा. गावात एवढी सपाट, स्वच्छ जागा दुसरी नसते, म्हणून लग्नाला, कार्यक्रमाला कोर्ट मागतात. नाही म्हणणं जड जातं, कारण मागणारे आपलेच असतात. एकदा एका संस्थेने हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर सर्व्हिस लाइनच्या जवळ मांडवाच्या खिळ्यांची भोकं ओळीने, प्रत्येक भोकाभोवती रंगाचे पोपडे. त्या पावसाळ्यात प्रत्येक भोकातून पाणी खाली गेलं. सुगीतही तेच. भात वाळवायला कोर्ट मागतात. वाळवण्याने काही होत नाही, पण पोती ओढून आणि लोखंडी फावड्याने ओढलेल्या ढिगाने होतं. समितीचा लेखी ठराव पहिल्याच बैठकीत करून घ्या, म्हणजे किल्लीवाल्या मामांना एकट्याला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

पावसाळ्यात खेळ नसला तरी काम असतं. सावलीच्या कोपऱ्यात शेवाळ धरतं. पातळ केलेलं ब्लीच आणि मऊ ब्रश, मग भरपूर पाणी. तारेचा ब्रश लावला तर शेवाळासोबत रंगही निघतो. आठवड्याला एकदा दोन्ही चर मोकळे करा. उघडीप मिळाली की रबरी वायपरने पाणी उताराच्या दिशेने ढकला, पंधरा-वीस मिनिटांत कोर्ट खेळण्याजोगं होतं.

चेंडूंबाबत एक शंका नेहमी येते. बेळगाव उंचावर आहे, तर वेगळे चेंडू लागतात का? उंच प्रदेशाचे चेंडू १२१९ मीटरच्या वर वापरतात. आपण साडेसातशेच्या आसपास आहोत. साधेच घ्या. जुने झालेत का ते बघायला १०० इंचांवरून काँक्रीटवर सोडा. नवा चेंडू १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळतो. कमरेएवढाच येत असेल तर तो सरावाच्या टोपलीत.

सात गुंठे नसतील तर

लहान मुलांसाठी थांबून राहू नका. लाल चेंडूचं (लहान मुलांच्या संथ चेंडूचं) छोटं कोर्ट ३६ ते ४२ फूट लांब आणि १४ ते २० फूट रुंद असतं, नेट मध्यावर ८० सेंटिमीटर. शाळेत बॅडमिंटनचं कोर्ट आखलेलं असेल (१३.४० बाय ६.१० मीटर), तर ते त्यातच बसतं. बॅडमिंटनचं नेट खाली बांधा, फक्कीने दोन रेषा ओढा. दहा वर्षांखालच्या स्पर्धांत २०१२ पासून नेहमीचा पिवळा चेंडू चालत नाही, लाल, केशरी आणि हिरव्या ठिपक्याचे संथ चेंडूच वापरतात, म्हणजे मुलं इथे जे शिकतील तेच त्यांना पुढे स्पर्धेत लागणार आहे. पूर्ण कोर्ट असेल तर तेही आडवं वापरा. डबल्सची रुंदी ३६ फूट म्हणजेच छोट्या कोर्टाची लांबी. एका कोर्टावर चार छोटी कोर्टं मांडता येतात आणि सोळा मुलं एका वेळी खेळतात.

स्पर्धा भरवायचा विचार पहिलं वर्ष करू नका. पुढे केलात तर आपण कर्नाटकात येतो, तेव्हा मान्यतेसाठी पत्र बेंगळुरूच्या राज्य लॉन टेनिस संघटनेला जातं, पुण्या-मुंबईला नाही. त्या पत्रासोबत कोर्टाची मापं द्यावी लागतील. आखणीच्या दिवशी घेतलेले कर्णांचे आकडे तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर तारखेसकट लिहिलेले असू द्या.